परदेशात वर्षभर शिकवून परत आलात. मग आपल्याच वर्गात परकं का वाटतं?

या आठवड्याचा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी हा लेखी मजकूर. बोलण्यातले "अं" आणि "म्हणजे" थोडे कमी केलेत, बाकी तेच आहे.

परदेशी निघालेल्या माणसाची तयारी अख्खी सोसायटी करून देते. थर्मल कुठे स्वस्त मिळतात, लोणच्याची बरणी गळू नये म्हणून काय करायचं, कुकर न्यायचा की नाही, मेतकूट किती घ्यायचं, सगळ्यांकडे सगळी उत्तरं असतात. पाठवणारी संस्थासुद्धा जाण्याआधी ओरिएंटेशन घेते. आणि परत येणाऱ्याची तयारी? "एअरपोर्टवर घ्यायला कोण येणार?" एवढा एकच प्रश्न. घरीच तर यायचंय, त्याची कसली तयारी!

पण वर्षभर परदेशात शिकवून परतलेल्या बऱ्याच जणांना पहिले काही महिने विचित्र जातात. चिडचिड होते, एकटं वाटतं, वर्गावर जावंसं वाटत नाही. वर अपराधीही वाटतं, कारण सगळं छान झालेलं असतं आणि तक्रार करायला जागाच नसते. असं का होतं आणि त्यातून चांगलं काय निघू शकतं, ते आज बघू.

आधी, हे कोण लोक?

परदेशात शिकवायला जायचे रस्ते बरेच आहेत. जपानमध्ये १९८७ पासून जेट नावाचा सरकारी कार्यक्रम चालतो. त्यात परदेशी तरुण तिथल्या शाळांमध्ये इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून काम करतात. करार एकेका वर्षाचा असतो आणि जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत वाढवता येतो.

आपण मात्र आज आपल्याकडच्या तरुण शिक्षकांना जवळचं असलेलं उदाहरण घेऊ: फुलब्राइट. अमेरिकेने हा कार्यक्रम १९४६ च्या कायद्यातून सुरू केला आणि भारताशी त्याचा करार १९५० मध्ये झाला. त्याचा एक भाग म्हणजे फॉरेन लँग्वेज टीचिंग असिस्टंट, थोडक्यात एफएलटीए. आपल्याकडचे तरुण शिक्षक अमेरिकेतल्या एखाद्या कॉलेजात किंवा विद्यापीठात जाऊन हिंदी, उर्दू यांसारख्या भाषा शिकवतात आणि त्याच वेळी स्वतःही दर सेमिस्टरला किमान दोन कोर्स करतात. साधारण नऊ महिने, म्हणजे त्यांचं एक शैक्षणिक वर्ष.

आता समजा, एक तरुण प्राध्यापिका आहे. लातूरकडच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते, घरी मराठी, आणि अमेरिकेत हिंदी शिकवायला गेली. ही कुणी एक खरी व्यक्ती नाही, समजायला सोपं जावं म्हणून घेतलीय. ती ऑगस्टमध्ये गेली आणि मे महिन्यात परतली. म्हणजे उतरली ती थेट मराठवाड्याच्या उन्हात, आणि जूनमध्ये कॉलेज सुरू. श्वास घ्यायलाही फारसा वेळ नाही.

"कल्चर शॉक" माहीत आहे, पण उलटा?

"कल्चर शॉक" हा शब्द आपण आता सहज वापरतो. तो लोकांच्या तोंडी बसवण्यात कालेर्व्हो ओबेर्ग या मानववंशशास्त्रज्ञाचा मोठा वाटा. १९५४ मध्ये त्यांनी ब्राझीलमधल्या रिओ द जानेरोत या विषयावर भाषण दिलं होतं. त्यांचं म्हणणं सोपं होतं: रोजच्या जगण्यात आपण शेकडो छोट्या खुणांवर चालतो. हात कधी मिळवायचा, "हो" म्हणजे खरंच हो का, दुकानदाराशी किती बोलायचं. नव्या देशात या खुणा अचानक गायब होतात आणि माणूस गोंधळतो.

पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, स्वेरे लिसगार्ड या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञाने एक अभ्यास छापला. तो होता फुलब्राइटवर अमेरिकेला जाऊन आलेल्या २०० नॉर्वेजियन लोकांचा. त्यात दिसलं की सहा महिन्यांपेक्षा कमी राहिलेले मजेत होते, दीड वर्षापेक्षा जास्त राहिलेलेही बऱ्यापैकी रुळले होते, आणि मधले, म्हणजे सहा ते अठरा महिने राहिलेले, सगळ्यात कमी रुळलेले. आलेख काढला तर इंग्रजी "यू" अक्षर. आता जरा आपल्या प्राध्यापिकेचा हिशोब करा. नऊ महिने! या आलेखावर ती बरोब्बर खड्ड्यात असताना विमानात बसते.

मग १९६३ मध्ये जॉन आणि जीन गुलाहॉर्न यांनी परदेशातून परतलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांशी आणि प्राध्यापकांशी बोलून याला पुढचा तुकडा जोडला. ते म्हणाले, परत आल्यावर असाच दुसरा खड्डा येतो. एक "यू" तिकडे, एक "यू" घरी. जोडले की होतो "डब्ल्यू". यालाच लोक आता "रिव्हर्स कल्चर शॉक" म्हणतात.

पण थांबा. इन्स्टाग्रामवर हा डब्ल्यू नियमासारखा फिरतो, तसा तो नियम नाही. लिसगार्ड यांनी तेच लोक महिनोन्‌महिने पाहिले नव्हते. वेगवेगळा काळ राहून आलेल्यांची तुलना केली होती. पुढे १९९८ मध्ये कॉलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडला शिकायला आलेल्या जपानी विद्यार्थ्यांना पोहोचल्यापासून वर्षभर वेळोवेळी प्रश्न विचारले. तिथे सुरुवातीचा आनंदाचा काळ दिसलाच नाही. सगळ्यात जास्त त्रास अगदी पोहोचल्या पोहोचल्याच होता. त्यामुळे "तिसऱ्या महिन्यात मला अजून खड्डा का नाही आला?" असं घाबरू नका. आलेखावरून तारखा काढायच्या नसतात. "परत आल्यावरही त्रास होऊ शकतो आणि तो होणारे तुम्ही एकटे नाही" एवढंच त्यातून घ्यायचं.

घरीच जास्त का टोचतं?

याचं मला सर्वात पटलेलं उत्तर १९४५ सालचं आहे. आल्फ्रेड शुट्झ नावाचे समाजशास्त्रज्ञ मूळचे व्हिएन्नाचे. नाझींमुळे देश सुटला आणि ते न्यूयॉर्कला गेले. आधी त्यांनी परक्या गावात गेलेल्या माणसावर निबंध लिहिला, मग वर्षभराने घरी परतणाऱ्यावर. दुसरं महायुद्ध संपत होतं आणि सैनिक घरी येत होते, त्यांचा विचार त्यात होता. सुरुवात त्यांनी ग्रीक कथेतल्या ओडिसिअसने केली: इतकी वर्षं ज्या बेटाची वाट बघितली, तिथे खलाशी त्याला झोपेत सोडून जातात, आणि जागा झाल्यावर त्याला स्वतःचंच बेट ओळखू येत नाही.

शुट्झ यांचा मुद्दा असा. परक्या ठिकाणी जाणाऱ्याला माहीत असतं की आपल्याला इथलं काही कळत नाही. म्हणून तो विचारतो, बघतो, चुकला तर हसतो. घरी येणाऱ्याला वाटतं की आपल्याला सगळं माहीत आहे. पण मधल्या काळात घरही पुढे सरकलेलं असतं आणि तोही. तो मनात जपून ठेवलेल्या घरी परततो, आणि ते घर आता तसं नसतं.

हे आपल्याला नवीन आहे का? मुळीच नाही. "माहेरवाशीण" हा शब्द आपल्या भाषेत कधीपासून आहे. लग्न होऊन गेलेली मुलगी माहेरी येते तेव्हा ती पाहुणी नसते आणि पूर्वीसारखी घरचीही नसते. तिचे लाड होतात, पण तिच्या कपाटात आता वहिनीच्या साड्या असतात. कुणाचं काही चुकलेलं नसतं, घर फक्त पुढे गेलेलं असतं. वर्षभर शिकवून परतणाऱ्याचं अगदी असंच होतं. फरक इतकाच की माहेरवाशिणीला आपण समजून घेतो. परतलेल्या शिक्षकाला म्हणतो, "काय, फॉरेन रिटर्न! आता आमचं कसं आवडणार?"

वर्गात नेमकं काय होतं

परदेशात शिकायला गेलेल्यापेक्षा शिकवायला गेलेल्याचं परतणं थोडं वेगळं असतं. तो तिकडे नुसता राहिलेला नसतो, त्याने तिथला एक वर्ग चालवलेला असतो. रोजच्या कामाची सवयच बदललेली असते.

आपल्या प्राध्यापिकेचंच बघू. तिकडे भाषेचा वर्ग लहान होता, डझनभर मुलं गोल बसायची आणि तिला नावाने हाक मारायची. सेमिस्टरच्या पहिल्याच दिवशी त्यांच्या हातात सिलॅबस होता: कुठल्या तारखेला काय, कशाला किती मार्क. ठरलेल्या वेळी ऑफिसात बसायचं, मुलं शंका घेऊन यायची. शिकवणारे, पेपर काढणारे आणि तपासणारे एकाच डिपार्टमेंटमधले.

इकडे आल्यावर पहिल्या तासाला साठ-सत्तर मुलं उभी राहून "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणतात. तिने बाक गोल करायचं ठरवलं, तर ते जमिनीला फिक्स आहेत. प्रश्न विचारला की शांतता. आणि तास संपल्यावर एक जण येऊन म्हणतो, "मॅडम, आयएमपी द्या ना."

इथेच एक चुकीचा निष्कर्ष फार पटकन निघतो: "आपल्या मुलांना प्रश्नच पडत नाहीत. आपली संस्कृतीच तशी." हे वाक्य स्टाफरूममध्ये एकदा बोललं की दोन गोष्टी होतात. सहकारी दुखावतात, आणि खरं कारण शोधायचं राहून जातं.

खरं कारण बऱ्याचदा रचनेत असतं. आपल्याकडची बहुतेक कॉलेजं विद्यापीठाला संलग्न असतात. अभ्यासक्रम विद्यापीठाच्या मंडळाने ठरवलेला, सत्राच्या शेवटचा पेपर बहुधा दुसऱ्याच कुणी काढलेला, तपासणाराही अनोळखी. अशा परीक्षेत वर्गातल्या चर्चेला मार्क कुठून मिळणार? मग मुलगा आयएमपी मागतो तेव्हा तो आळशी नसतो. समोरच्या नियमांनुसार तो अगदी शहाणपणाने वागत असतो. तिकडचा विद्यार्थी वर्गात बोलत होता, कारण बऱ्याच कोर्समध्ये वर्गातल्या सहभागालाही मार्क असतात. दोघंही आपापल्या नियमांप्रमाणे खेळतायत.

ऑफिसची वेळही तशीच. स्वतंत्र खोली असेल तर ती सोय चालते. जिथे बारा प्राध्यापक एका टेबलाभोवती बसतात, तिथे कुठली मुलगी येऊन सगळ्यांसमोर विचारेल, "मला टेन्स कळत नाही"? थोडक्यात, तिकडची प्रत्येक चांगली सवय कुठल्यातरी खांबावर उभी असते. सवय बॅगेत घालून आणता येते, खांब आणता येत नाही.

मग आणण्यासारखं काय?

ज्याला खांब लागत नाही, ते. अशा गोष्टी आहेत, आणि त्या साठ मुलांच्या वर्गात, खडू-फळ्यावर, शून्य रुपयांत होतात.

पहिली: थांबणं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने वर्गांच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास केला. त्यात दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतात आणि मग स्वतः बोलायला लागतात. हा वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला की मुलांची उत्तरं लांबतात, "माहीत नाही" कमी होतं आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतं. वर्गासमोर उभं राहून शांत थांबून बघा, मग कळेल.

दुसरी: आधी शेजाऱ्याशी बोला. प्रश्न द्या, मिनिटभर एकट्याने विचार, मग बाकावरच्या जोडीदाराशी बोलणं, मग वर्गाला सांगणं. मेरीलँड विद्यापीठाच्या फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये ही पद्धत मांडली. आपल्याकडे तर बाकच दोघा-तिघांचा असतो, सोय आधीच आहे! आणि सगळ्यांसमोर एकट्याने चुकायची भीती निम्मी होते, कारण उत्तर "आमचं" असतं.

तिसरी: शेवटची दोन मिनिटं. तास संपताना मुलांनी चिठ्ठीवर लिहायचं, आज काय कळलं नाही. नाव नको, मराठीत लिहिलं तरी चालेल. ज्या मुलीला स्टाफरूममध्ये येऊन विचारता येत नव्हतं, तिला इथे विचारता येतं. ऑफिसच्या वेळेचा हेतू साधला, खोली न लागता.

पण माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट चौथी आहे, आणि ती तंत्र नाही. आपली भाषा परक्यांना शिकवणारा माणूस ती पहिल्यांदा बाहेरून बघतो. आपल्या प्राध्यापिकेला तिकडचा विद्यार्थी विचारतो: "उसने आम खाया" पण "उसने रोटी खाई", खाणारी तर तीच, मग क्रियापद का बदललं? जन्मभर हिंदी कानावर असून तिला हा प्रश्न कधी पडला नव्हता. मराठीतही तेच आहे: तिने आंबा खाल्ला, तिने पोळी खाल्ली. मग विचारतात, किताब स्त्रीलिंगी का? तिला आठवतं, मराठीत पुस्तक नपुंसकलिंगी! हिंदीला दोन लिंगं, मराठीला तीन, आणि टेबलाला लिंग असण्याचं कारण जगात कुणाकडेच नाही. उत्तर देता देता तिला कळतं की "असंच असतं" हे आपण किती वेळा म्हणतो.

आता हीच बाई लातूरला इंग्रजी शिकवते. मराठी माध्यमातून आलेली मुलगी "शी डझन्ट नोज" म्हणते, तेव्हा पूर्वी नुसती लाल रेघ पडली असती. आता तिला दिसतं की त्यामागे विचार आहे. त्या मुलीने "शी"बरोबर "एस" लावायचा नियम पाळलाय, फक्त एकदा जास्त. तिकडच्या विद्यार्थ्याने "उसने रोटी खाया" म्हटलं होतं, त्याच जातीची चूक. तिकडे तिने हसून समजावलं होतं ना? मग इकडे का नाही? नवशिक्याच्या जागी उभं राहता येणं, ही वर्षभराची खरी कमाई. कस्टमवाले ती अडवत नाहीत, आणि ती वापरायला कुणाची परवानगीही लागत नाही.

"तिकडेच का नाही राहिलीस?"

हा प्रश्न गल्लीत, लग्नात, बसस्टॉपवर, सगळीकडे येतो. त्यात एक टोमणा लपलेला असतो: जमलं नाही वाटतं. म्हणून याचं सरळ, माहितीचं उत्तर जवळ ठेवा.

एफएलटीए जाते जे-१ नावाच्या व्हिसावर, आणि फुलब्राइटसारख्या सरकारी पैशाच्या कार्यक्रमांना एक अट असते. संपल्यावर मायदेशात एकूण दोन वर्षं राहायचं. त्याआधी अमेरिकेचा एच-१बीसारखा कामाचा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही. फिरायला किंवा परिषदेला जायला या अटीची आडकाठी नसते. म्हणजे परतणं हा कराराचाच भाग आहे. कार्यक्रमामागचा विचारही तोच: दोन देशांच्या लोकांनी एकमेकांना समजून घ्यावं. तिकडे जाऊन हिंदी शिकवली, हे अर्धं काम झालं. आपल्या लोकांना तिकडचं नीट सांगणं हे उरलेलं अर्धं, आणि ते घरी आल्यावरच सुरू होतं.

आणि हो, परतण्याचा शेवट एकच नसतो. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन भाषाअभ्यासक १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतात शिकवायला आल्या, हैदराबादला. मग त्या परत गेल्या, आणि पुन्हा आल्या, या वेळी फलटणच्या मराठीचा अभ्यास करायला. पुढे त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतलं, फलटणमध्ये प्रगत शिक्षण संस्था उभी केली आणि मुलांना मराठीत वाचायला-लिहायला शिकवण्याच्या कामात आयुष्य घातलं. परदेशी लोकांसाठीची त्यांची मराठीची पाठ्यपुस्तकंही प्रसिद्ध आहेत. प्रत्येकाने असं करावं असं नाही. पण शिकवायला काढलेली ती पहिली एक-दोन वर्षं माणसाला पुढे कुठे नेतील, ते परतल्याच्या पहिल्या महिन्यात ठरत नाही, एवढं नक्की.

घरच्यांना सांगायचं कसं

"कसं होतं तिकडे?" या प्रश्नाला सरासरी दोन मिनिटं मिळतात. मग चहा येतो आणि विषय शेजारच्या प्लॉटवर जातो. वाईट वाटतं, पण दुसरी बाजूही बघा. त्या वर्षभरात इकडेही काहीतरी घडलंय: आजीचं ऑपरेशन, भावाची नोकरी, मैत्रिणीचा साखरपुडा. तुम्ही त्यात नव्हता. तुमचं वर्ष त्यांनी फोटोंत पाहिलं, त्यांचं तुम्ही व्हिडिओ कॉलवर. हिशोब दोन्हीकडून बाकी आहे.

म्हणून एक साधी युक्ती. आधी तुम्ही विचारा: "मी नसताना काय काय झालं?" आणि सांगताना "अमेरिकेत ना..." ने सुरू करू नका. एका माणसाची गोष्ट सांगा. आप आणि तुम यात गोंधळून स्वतःच्या मांजरीला "आप" म्हणणाऱ्या विद्यार्थ्याची गोष्ट आजीलाही ऐकावीशी वाटेल. "तिकडचे रस्ते" कुणालाच नको असतात.

निघण्याआधी आणि आल्यावर: कामाची यादी

जे अजून तिकडे आहात, त्यांनी शेवटच्या महिन्यात हे उरकून घ्या:

- विद्यापीठाचा ईमेल आणि ड्राइव्ह नंतर बंद होऊ शकतो. तुमचे पाठ, टाचणं, वर्कशीट आधीच स्वतःच्या खात्यात घ्या.
- केलेल्या कोर्सची अधिकृत ट्रान्स्क्रिप्ट घ्या. इथून मागवायला वेळ आणि डॉलर दोन्ही लागतात.
- डिपार्टमेंटकडून पत्र घ्या: कुठला कोर्स, आठवड्याला किती तास, कधीपासून कधीपर्यंत. "परदेशात शिकवलं" एवढ्यावर इथे अनुभव धरतीलच असं नाही.
- व्हिसाची कागदपत्रं, खासकरून डीएस-२०१९, जपून ठेवा. पुढे कधीही मागतात.
- विद्यार्थ्यांचे फोटो किंवा त्यांचं लिखाण इकडे दाखवायचं असेल, तर त्यांना विचारून घ्या.

आणि आल्यावर:

- पहिल्या सत्रात एकच नवी गोष्ट करा. थांबणं किंवा चिठ्ठ्या किंवा जोड्या, यातली एक. पाच एकदम केल्या की एकही टिकत नाही.
- स्टाफरूममध्ये "तिकडे असं असतं" म्हणण्याऐवजी "मी हे करून बघतेय, तुमच्या वर्गात काय होतं?" असं म्हणा. वीस वर्षं सत्तर मुलांना सांभाळणाऱ्या सरांकडे तुम्हाला माहीत नसलेलं बरंच काही असतं.
- तुमच्या आधी जाऊन आलेल्या एक-दोघांशी बोला. आणि पुढच्या वर्षी अर्ज करणाऱ्या मुलांना तासभर द्या. गोष्ट पुन्हा पुन्हा सांगता सांगता आपल्यालाच उलगडते.
- दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली, काहीच करावंसं वाटेना, सतत रडू येत राहिलं, तर "रिव्हर्स कल्चर शॉक असेल" म्हणून सोडून देऊ नका. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

शेवटचं

सगळ्याचं सार विचाराल तर मी एकच सांगेन. तिकडे पहिल्यांदा गेलात, तेव्हा तुम्ही किती छान वागलात ते आठवा. काही खटकलं की लगेच निकाल दिला नाही. "इथे असं का करतात?" म्हणून विचारलंत, कुणाच्या घरी जेवायला गेलात तर बघून बघून शिकलात. तेवढाच धीर, तेवढंच कुतूहल आपल्या गावाला द्या. निदान एक सत्र. बाक फिक्स का आहेत, मुलगी बोलत का नाही, सर आयएमपी का देतात, हे आधी खरोखर विचारून घ्या, आणि मग काय बदलायचं ते ठरवा. तुमच्याकडे आता असे डोळे आहेत जे इथून कधीच न हललेल्या माणसाकडे नसतात. ते नाक मुरडण्यात वाया घालवायचे की त्या शेवटच्या बाकावरच्या मुलीला बघायला वापरायचे, हे जूनच्या पहिल्या तासाला ठरतं.

तुमच्यापैकी कुणी परदेशात शिकवून आलंय? नर्सरीत, विद्यापीठात, कुठेही? परत आल्यावर वर्गात सगळ्यात पहिलं काय खटकलं आणि नंतर त्याचं खरं कारण काय निघालं, ते व्हॉइस नोट करून पाठवा. निवडक उत्तरं पुढच्या एखाद्या भागात ऐकवू. आणि एखादी मैत्रीण येत्या मे महिन्यात परतणार असेल, तर तिला हा भाग आत्ताच पाठवून ठेवा, ती निघायच्या आधी.

भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या!